एक पॅनेल, एक बॅटरी आणि टाकीची सावली : भांडुपच्या एका घरातला छोटा सौर संच

इमारत भांडुप पश्चिमेला, तळ अधिक तीन मजल्यांची. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. माणसं चार : नवरा, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आजी. मुंबईत वीज जात नाही असं सगळेच म्हणतात. 12 ऑक्टोबर 2020 ला ती जवळपास अख्ख्या शहराची गेली, तेव्हा हे म्हणणं तेवढ्यापुरतं बंद झालं. या इमारतीत कारण वेगळं आहे. खालची जुनी केबल पावसाळ्यात पाणी धरते, मग तास-दोन तास अंधार. मुलीचे ऑनलाइन क्लास तुटतात आणि पंखा बंद पडला की आजींचा जीव घाबरा होतो. गरज एवढीच होती. बिल शून्य करायचं हा हेतू नव्हता, आणि या प्रकरणातली पहिली शहाणपणाची गोष्ट तीच.

कारण बिलाचा हिशोब या मापाला बसतच नाही. 165 वॅटचं एक पॅनेल मुंबईत वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला 600 वॅट-तासांच्या आसपास देतं, म्हणजे महिन्याला 18 युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास). युनिटमागे 10 रुपये धरले तरी वाचले 180. या घराचा पहिल्या टप्प्याचा खर्च साधारण 48,000 रुपये झाला. तो बिलातून वसूल व्हायला 22 वर्षं लागतील, आणि तोवर बॅटरी एकदा तरी बदलावी लागेल. बॅटरीवरचा छोटा संच हा वीज गेल्यावर चालणारा पंखा, राउटर आणि दिवे यांच्यासाठी असतो. ज्याला बिल कमी करायचं आहे त्याने नेट मीटरिंगचा, म्हणजे जास्तीची सौर वीज कंपनीला देऊन बिलातून वळती करून घेण्याचा, रस्ता धरावा. तो वेगळा आहे आणि घरच्या घरी करण्यासारखा नाही.

आधी मागणी, मग खरेदी

प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर पाचशे-सातशे रुपयांत मिळतं. आठवडाभर ते एकेका उपकरणाला लावून आकडे घेतले. आजींच्या खोलीसाठी 12 व्होल्टचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ठरला : 25 वॅट, रोज 8 तास, म्हणजे 200 वॅट-तास. एलईडी दिवे दोन, प्रत्येकी 9 वॅट, 5 तास : 90. तीन मोबाइल : 45. आणि ज्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं तो राउटर : 10 वॅट, पण चोवीस तास, म्हणून 240. एकूण 575, त्यातला सगळ्यात मोठा वाटा कोपऱ्यात पडलेल्या त्या डबीचा. वायर आणि रेग्युलेटरमधली गळती दहा टक्के धरली की 640 होतात.

पॅनेलचा हिशोब असा. वॅट गुणिले उन्हाचे पूर्ण तास (दिवसभराचं ऊन, भर दुपारच्या उन्हाच्या मापात) गुणिले 0.75. मुंबईत वर्षाची सरासरी पाच तास धरायला हरकत नाही. 165 × 5 × 0.75 म्हणजे 619. मागणीच्या जवळ जातं, आणि थंडीत रात्रीचा पंखा बंदच असतो. उरलेले पंचवीस टक्के जातात कुठे? बरेचसे उष्णतेत. पॅनेलवर छापलेले वॅट हे त्यातल्या पेशी, म्हणजे उन्हापासून वीज करणारे तुकडे, 25 अंशांवर असताना मोजलेले असतात. एप्रिलच्या दुपारी काच 60-65 अंशांपर्यंत तापते, आणि दर अंशामागे 0.35 ते 0.4 टक्के उत्पादन कमी होतं. म्हणजे नुसत्या तापण्याने चौदा-पंधरा टक्के गेले. भर उन्हात 135 वॅट दिसले तर पॅनेल खराब नाही.

पहिला टप्पा मुद्दाम इन्व्हर्टरशिवाय (बॅटरीच्या 12 व्होल्टचे घरगुती 230 करणाऱ्या यंत्राशिवाय) ठेवला. पंखा, दिवे, राउटर सगळं 12 व्होल्टवरच चालू शकत असताना आधी 230 करायचं आणि अडॅप्टरमधून पुन्हा 12 करायचं, यात दोनदा गळती. शिवाय छोटा इन्व्हर्टर काही न चालवता नुसता चालू राहिला तरी 6 ते 8 वॅट खातो. चोवीस तासांचे ते दीडशे-पावणेदोनशे वॅट-तास, म्हणजे पॅनेलच्या कमाईचा चौथा हिस्सा.

बॅटरीचा प्रश्न आला तेव्हा घरात जुनी 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर, म्हणजे लेड-अॅसिड प्रकारची बॅटरी होती आणि तीच वापरू असा आग्रह झाला. नको म्हणण्याचं कारण साधं. एवढ्या लेड-अॅसिड बॅटरीला नीट भरायला 15 अँपिअरच्या आसपास चार्जिंग लागतं. हे पॅनेल फार तर 9-10 देणार, तेही दुपारी दोन-तीन तास. अशी बॅटरी रोज अर्धवट भरते, प्लेटवर सल्फेट चढतं आणि वर्ष-दीड वर्षात ती बसते. म्हणून 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. तिला अर्धवट भरलेलं राहण्याचं वावडं नाही. तिच्या 1,280 वॅट-तासांपैकी 80 टक्के वापरले तरी दीड दिवसाची बेगमी होते.

इथे एक नियम पाळला आणि तो फार उपयोगी पडला : पॅनेल आणि बॅटरी छोटी, पण केबल, कंट्रोलर (पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणारी डबी) आणि स्टँड पुढच्या टप्प्याच्या मापाचे. दुसरं पॅनेल नंतर कधीही आणून जोडता येतं. भिंतीवरून उतरवलेली केबल बदलायची म्हणजे पुन्हा परांची, पुन्हा कमिटी.

गच्ची आणि कोबा

गच्ची सोसायटीची, त्यामुळे लेखी परवानगी घेतली. सेक्रेटरींचं म्हणणं एकच होतं : “कोब्याला एक भोक पडलं तरी पावसाळ्यात खालच्यांच्या घरात पाणी. भोक नसेल तर बोला.” ते खरंच आहे. ब्रिकबॅट कोब्यावर चायना मोझॅक केलेल्या गच्चीत अँकर बोल्ट मारला की वॉटरप्रूफिंगची हमी संपली. म्हणून स्टँड वजनावर उभा केला.

वजन किती, ते वाऱ्यावर ठरतं. वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये म्हणजे 0.6 गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. मे 2021 च्या तौक्ते वादळात मुंबईत ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत होते. ताशी 108 म्हणजे सेकंदाला 30 मीटर : 540 पास्कल, दर चौरस मीटरला 55 किलो. 165 वॅटचं पॅनेल जवळपास एक चौरस मीटर भरतं. तिरक्या पॅनेलखाली वारा शिरून उचलतो तो भाग धरून एका पॅनेलला 70 किलोचा उचल मानला. 300 × 300 × 120 मिलिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा 26 किलोचा होतो. असे चार, म्हणजे 104 किलो. ठोकळ्यांखाली जुन्या टायरच्या रबराचे तुकडे, मोझॅकला ओरखडा नको म्हणून. इमारतींचं संकल्पन करताना मुंबईसाठी 44 मीटर प्रति सेकंद हा वेग धरतात. त्या वाऱ्यात एवढं वजन पुरणार नाही, म्हणून स्टेनलेसची एक तार कठड्याच्या कॉलमला बांधली.

मुंबई 19 अंश अक्षांशावर, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे 19 अंश कललेलं हवं असं सांगतात. इथे कल 12 अंशच ठेवला. कमाईत फरक नगण्य पडतो, वारा मात्र कमी पकडला जातो आणि पावसाने काच धुऊन निघायला 12 पुरतात. नटबोल्ट 304 ग्रेडचे स्टेनलेस. साधे लोखंडी दोन पावसाळ्यांत गंजून अॅल्युमिनियमच्या चौकटीला चिकटतात आणि पुढे कापूनच काढावे लागतात. समुद्राला लागून घर असेल तर 316 घ्यावेत.

केबलची लांबी गच्चीपासून हॉलपर्यंत 12 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 24. चार चौरस मिलिमीटरची सोलर केबल मीटरला सुमारे 5.1 मिलिओहम रोध देते. 9 अँपिअरला 1.1 व्होल्ट वाटेतच जातात. पॅनेलचे मुळात 18 व्होल्ट, त्यातले सहा टक्के गेले. सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर 0.73 व्होल्ट. मीटरमागे थोडे रुपये जास्त देऊन सहाची घेतली. लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, ती सुट्या मीटरवर मिळते. वर उन्हात टिकणारं आवरण आहे ना आणि आत तांब्याला कल्हई आहे ना, ते टोक सोलून पाहून घ्यावं.

जोडणीचा क्रम चुकवू नये. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. बॅटरी नसताना पॅनेल जोडलं तर कंट्रोलरला 12 ची व्यवस्था आहे की 24 ची ते कळत नाही, आणि काही स्वस्त कंट्रोलर पॅनेलचा पूर्ण व्होल्टेज उपकरणांकडे सोडतात. जोडताना पॅनेलवर जाड चादर टाकली होती. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरावर 40 अँपिअरचा फ्यूज. तो फ्यूज कंट्रोलरजवळ लावून उपयोग नाही. मधल्या वायरीचा शॉर्ट झाला तर तिला वाचवणारं काहीच उरत नाही. पॅनेलच्या बाजूला डीसी एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि सर्ज अरेस्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा), चौकटीला हिरवी अर्थिंगची वायर थेट इमारतीच्या अर्थिंगपर्यंत.

एमसीबीबद्दल जरा सविस्तर. वायरमनने घरातली साधी एमसीबी आणली होती, “चालते हो” म्हणून. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क सुटताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी, म्हणजे पॅनेल-बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, शून्यावर येतच नाही. ठिणगी ताणली जाऊन टिकते आणि डबी आतून वितळू शकते. डीसी लिहिलेलीच घ्यावी, आणि तिच्यावर अधिक-उणे खूण असेल तर ती पाळावी. उलटी लावली तर ऐन वेळी ती ठिणगी विझवत नाही.

घरातल्या 12 व्होल्टच्या फिटिंगला नेहमीचे तीन पिनचे सॉकेट वापरले नाहीत. आज सगळ्यांना लक्षात असतं. दोन वर्षांनी पाहुणा कुणीतरी 12 चा पंखा 230 मध्ये खोचतो.

जे बिघडलं ते

पहिला बिघाड कंट्रोलरचा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कंट्रोलरवर ठळक अक्षरांत एमपीपीटी (पॅनेलकडून जास्तीत जास्त वॅट काढणारा प्रकार) छापलं होतं, किंमत जेमतेम बाराशे. डबी हलकी, मागे हीटसिंक नावाला. खरं-खोटं ठरवायला एक सोपी चाचणी आहे. भर उन्हात, बॅटरी पूर्ण भरलेली नसताना, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आधी पॅनेलच्या वायरीला लावा, मग बॅटरीच्या. इथे दोन्हीकडे 8.1 अँपिअर आले. दोन्ही आकडे सारखे म्हणजे तो पीडब्ल्यूएम : पॅनेलला थेट बॅटरीला जोडून फक्त चालू-बंद करणारा. पॅनेल बिचारं 17 व्होल्टवर चालायच्या ऐवजी 13.3 वर ओढलं गेलं आणि मिळाले 108 वॅट. खरा एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टेजचं रूपांतर अँपिअरमध्ये करतो, त्यामुळे बॅटरीकडचा आकडा मोठा यायलाच हवा. कंट्रोलर बदलून 30 अँपिअर, 100 व्होल्टचा घेतला. त्याच उन्हात पॅनेलकडे 7.9 आणि बॅटरीकडे 9.8 दिसले; 130 वॅट. ज्यांना पीडब्ल्यूएमच ठेवायचा आहे त्यांनी 36 पेशींचं पॅनेल घ्यावं. स्वस्त मिळतं म्हणून 72 पेशींचं मोठं पॅनेल पीडब्ल्यूएमवर 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडणारे तर निम्म्याहून जास्त वॅट फुकट घालवतात.

दुसरा बिघाड डिसेंबरमध्ये लक्षात आला. रोज दुपारी अडीच वाजून गेले की चार्जिंग कमी नाही, चक्क शून्य. आकाश निरभ्र. सव्वातीनला जाऊन पाहिलं तर पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीची सावली, तळहाताएवढी. एवढ्याशा सावलीने सगळंच कसं बंद होतं? 36 पेशींच्या पॅनेलमध्ये पेशी एकामागे एक जोडलेल्या असतात आणि त्यांचे अठरा-अठराचे दोन गट, प्रत्येक गटाला एक बायपास डायोड. एक पेशी झाकली की डायोड तो पूर्ण गट बाजूला काढतो. उरले अठरा, म्हणजे नऊ व्होल्टच्या आसपास. मल्टिमीटरवर तेच दिसलं. तेरा व्होल्टच्या बॅटरीत नऊ व्होल्टवरून वीज ढकलता येत नाही, आणि हे कंट्रोलर व्होल्टेज उतरवतात, चढवत नाहीत. पॅनेलचा अर्धा भाग लख्ख उन्हात असूनही कमाई शून्य.

जागा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराला पाहून ठरवली होती. चूक तिथे होती. सावली पाहायची ती 21 डिसेंबरच्या हिशोबाने. त्या दिवशी मुंबईत सूर्य सगळ्यात वर येतो दुपारी 12.37 च्या सुमारास, बाराला नव्हे, आणि तेव्हाही फक्त साडेसत्तेचाळीस अंश उंच असतो. 2.40 ला तो 38 अंशांवर येतो. सावली वस्तूच्या उंचीच्या 1.28 पट. टाकीचा माथा गच्चीपासून 2.4 मीटर, म्हणजे सावली तीन मीटरच्या पुढे. साडेतीनच्या पुढे तीच 4.3 मीटर होते. ती पडते ईशान्येला, आणि पॅनेल होतं टाकीच्या ईशान्येलाच, तीन मीटरवर. ठोकळे उचलून स्टँड टाकीच्या दक्षिणेला नेला. दक्षिणेच्या मीटरभर उंच कठड्याची सावली दुपारी 92 सेंटिमीटर पडते, म्हणून त्यापासून दीड मीटर सोडलं आणि पॅनेलची खालची कडा फूटभर उचलली. स्टँड वजनावर असल्याचा हा फायदा. अँकर मारले असते तर भोकं बुजवत बसावं लागलं असतं. उन्हाळ्यात चित्र उलटतं. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो आणि सावल्या दक्षिणेला पडतात, पण त्या इतक्या आखूड की टाकीची सावली पॅनेलपर्यंत पोचत नाही.

राउटर दोनदा रीस्टार्ट व्हायला लागला तेव्हा कळलं की तो थेट बॅटरीवर जोडला आहे. चार्जिंगच्या वेळी बॅटरी 14.2 व्होल्टवर जाते; राउटरला नेमके 12 हवेत. 12 व्होल्ट, 3 अँपिअरचा बक-बूस्ट (व्होल्टेज उतरवणारा आणि गरजेला चढवणाराही) रेग्युलेटर मध्ये टाकला आणि प्रश्न मिटला. साधा बक चालत नाही, कारण पहाटे बॅटरी उतरलेली असताना त्याला 12 टिकवता येत नाहीत.

कंट्रोलरची सेटिंग लेड-अॅसिडचीच राहिली होती, हे महिन्याभराने दिसलं. त्यात समतोल चार्जिंगसाठी (सगळ्या पेशी सारख्या भराव्यात म्हणून) व्होल्टेज 15 च्या जवळ जातं. लिथियमची बीएमएस (बॅटरीतच बसवलेलं संरक्षण सर्किट) ते पाहून बॅटरीची जोडणी तोडते. आता 14.2 पूर्ण, 13.5 फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचा व्होल्टेज), समतोल चार्जिंग बंद, आणि 12.0 ला उपकरणांची वीज तोडायची. आणखी एक : लिथियम फॉस्फेटचा व्होल्टेज पाहून ती किती भरली आहे ते कळत नाही. जवळपास भरलेली असो वा निम्मी, आकडा 13.1 ते 13.3 मध्येच घोटाळतो. शंट लावलेला, म्हणजे बॅटरीत गेलेला-आलेला प्रवाह मोजणारा, मीटर हवा.

पावसाळा आणि दुसरं पॅनेल

जुलैत पूर्ण उन्हाचे तीन तास धरले तर 165 वॅटचं पॅनेल 370 वॅट-तास देतं, आणि सलग झड लागली की त्याच्या निम्मंही नाही. वर्षातली सगळ्यात जास्त गरज आणि सगळ्यात कमी कमाई एकाच महिन्यात येते. मुंबईत छोट्या संचाचं खरं दुखणं हेच. पॅनेल वाढवून ते पुरतं सुटत नाही. या घराने दोन गोष्टी केल्या. जून ते सप्टेंबर राउटर मेनवर, म्हणजे वीज कंपनीच्या विजेवर टाकला, एका चेंजओव्हर स्विचने. आणि 14.6 व्होल्ट, 10 अँपिअरचा लिथियमचा चार्जर घेतला. बॅटरी तीस टक्क्यांखाली गेली की रात्री मेनवरून तीन-चार तास भरायची. सौर संचाला मेनचा चार्जर लावण्यात कमीपणा काही नाही.

दुसरं पॅनेल पुढच्या ऑक्टोबरात आलं, तेच मॉडेल, आणि सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडलं. समांतर जोडलं असतं तर त्याच केबलमधून 18 अँपिअर जाऊन दीड व्होल्ट, म्हणजे आठ टक्के, वाटेत गेले असते. सीरिजमध्ये प्रवाह 9 च राहतो, व्होल्टेज 36. नुकसान दोन टक्के. उघड्या टोकांचा व्होल्टेज 44, थंड सकाळी 46 पर्यंत, कंट्रोलरची मर्यादा 100. पन्नासची मर्यादा असलेल्या कंट्रोलरवर हे धाडस करू नये. सावलीतही फायदा झाला : चार गटांपैकी एक गेला तरी 27 व्होल्ट उरतात आणि चार्जिंग चालू राहतं. ठोकळे दोन वाढवले, एकूण सहा. दोन्ही चौकटी एकमेकींना बांधल्यावर तेवढे पुरले.

लॅपटॉप आणि टीव्हीसाठी 300 वॅटचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर जोडला. पूर्ण भाराला तो 12 व्होल्टच्या बाजूने जवळपास 30 अँपिअर ओढतो, म्हणून दहा चौरस मिलिमीटरची वायर, हातभर लांब, दाबून बसवलेले तांब्याचे लग (वायरच्या टोकाला लावायचे जोड). यातला एक लग पकडीने चेपला होता. आठ दिवसांत त्याचं आवरण पिवळं पडलं. क्रिम्पिंगचं हत्यार तासाभरासाठी उसनं आणावं, पण पकडीने चेपू नये. इन्व्हर्टरचं सॉकेट स्वतंत्र आहे, घराच्या डीबीशी (वीज वाटणाऱ्या पेटीशी) त्याचा संबंध नाही, न्यूट्रलही जोडलेला नाही. बाजारात थेट प्लगमध्ये खोचून ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, वीज देणारे छोटे इन्व्हर्टर मिळतात. वीज कंपनीच्या मंजुरीशिवाय ते लावणं बेकायदा आहे आणि लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

देखभालीत काच धुणं आहे, सकाळी ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने. तापल्या काचेवर गार पाणी ओतू नये. भांडुपात बांधकामाची धूळ भरपूर, पण त्याहून वाईट कबुतरं. विष्ठेचा एक वाळलेला डाग एका पेशीला कायमची सावली. मेअखेर सगळे नट पान्याने तपासायचे आणि तार ताणून घ्यायची.

आता कमिटी विचारते आहे की पंप आणि जिन्याचे दिवे यावर चालतील का. दिवे चालतील, पंप नाही. एक हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट ओढते. 300 वॅटचा इन्व्हर्टर तिथेच हात टेकेल. त्यासाठी ग्रिडला जोडलेला संच हवा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, पण काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच आणि पॅनेल भारतात बनलेल्या पेशींचीच लागतात. कमिटीला पहिलं काम दिलं आहे ते गच्चीच्या नकाशावर टाकीची, जिन्याच्या खोलीची आणि शेजारच्या टॉवरची 21 डिसेंबरची सावली आखून आणायचं.